सहा येत नाही

कांदा काढणीला आला आणि आभाळ भरायला लागलं. एरवी या दिवसांत आभाळ कसं घासूनपुसून ठेवल्यासारखं असायचं. यंदा दुपार कलली की टेकडीमागून करडे ढग वर यायचे, तासभर रेंगाळायचे आणि न बरसताच निघून जायचे. पात पिवळी पडून आडवी झाली होती. पाऊस झाला असता तर सगळा माल जागेवर सडला असता. त्यात मजूर मिळत नव्हते. ज्याच्या त्याच्या रानात कांदा, जो तो मजुरांच्या मागे.

मास्तरांनी त्या सकाळी सायकलवरून दोन वस्त्या पालथ्या घातल्या. एकीकडे "परवा बघू" म्हणाले, दुसरीकडे दारच उघडलं नाही. घामाघूम होऊन शाळेत आले तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि अकरावीचा वर्ग गलका करत होता.

मास्तरांचा खरा विषय वनस्पतीशास्त्र. नऊ वर्षांपूर्वी गणिताचे शिक्षक बदलून गेले, जागा भरली गेली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही जरा बघून घ्या." ते 'जरा' नऊ वर्षं चाललं. पहिल्या वर्षी मास्तरांनी जुन्या पुस्तकांवरून एक वही तयार केली होती, उदाहरणं आणि त्यांची उत्तरं. तीच वही दरवर्षी पुढे चालली होती. तिची पानं आता कोपऱ्यांत पापडासारखी वळली होती.

त्यांनी वही टेबलावर उघडी ठेवली आणि फळ्यावर लिहिलं : क्ष वर्ग वजा नऊ, भागिले क्ष वजा तीन.

"फलन म्हणजे काय? यंत्र. एका बाजूने संख्या आत घालायची, दुसऱ्या बाजूने एक संख्या बाहेर येते. आत काय काय घालता येतं तो प्रांत. बाहेर काय काय येतं ती व्याप्ती. आता इथे तीन घातला तर खाली काय होतं?"

"शून्य," वर्ग म्हणाला.

"शून्याने भागता येत नाही. म्हणून तीन चालत नाही. प्रांत म्हणजे तीन सोडून बाकी सगळ्या संख्या." त्यांनी वरच्या ओळीचे अवयव पाडले, वर-खाली सारखं होतं ते काटलं. "उरलं काय? क्ष अधिक तीन. ही सरळ रेषा. रेषा वर हवी तितकी जाते, खाली हवी तितकी जाते. म्हणून व्याप्ती : सगळ्या वास्तव संख्या. उतरवून घ्या."

पोरं उतरवायला लागली. मास्तर खिडकीतून टेकडीकडे बघत होते.

"सर, सहा येत नाही."

तिसऱ्या बाकावरची पोरगी उभी राहिली होती. तिला सगळा वर्ग वकिलीण म्हणायचा, कारण ती कुठलीही गोष्ट सोडायची नाही. तिची आई मजुरीला जायची, घरात त्या दोघीच.

"काय येत नाही?"

"सहा. बाहेर सहा यायचा तर आत तीन घालावा लागेल. तीन अधिक तीन सहा. आणि तीन तर आपण घालूच देत नाही. मग सहा कुठून येणार?"

"अगं, रेषा आहे ती. रेषा मध्येच तुटते का कुठे?"

"तुटत नाही, सर. पण तिथे एक भोक पडतं."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मास्तरांच्या डोक्यात अजून सकाळचं बंद दार होतं. "ये," ते म्हणाले. "ये फळ्यापाशी, वकिलीणबाई. दाखव आम्हाला भोक."

ती आली. तिने दोन अक्ष काढले, तिरपी रेषा काढली. सहाच्या उंचीवर बारीकसा पोकळ गोल काढायला तिने हात वर केला, तशी तिच्या गणवेशाची बगलेतली शिवण टर्रकन उसवली.

मास्तरांनी ते पाहिलं. तिने काढलेला गोलही पाहिला. गोल बरोबर जागी होता. हे त्यांच्या मनात वीज चमकावी तसं चमकून गेलं, आणि त्याच क्षणी तोंडातून निघालं, "भोक रेषेला नाही, बाई. तुझ्या बाहीला आहे."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. पोरीने हात खाली घेतला आणि कोपर अंगाशी घट्ट दाबून धरलं. खडू तिच्या मुठीतच होता. हसणं ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण सहा येत नाही, सर."

एवढं हसं होऊनही ती तेच म्हणते, याचाच मास्तरांना राग आला. "उद्या आईला घेऊन ये," ते म्हणाले. "त्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही."

संध्याकाळी ते रानात बांधावर बसले. बायको पात चाचपत पुढे गेली होती. मास्तरांनी खिशातून बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं, पाठीवर पेन्सिलीने तेच उदाहरण मांडलं आणि उत्तर सहा यावं म्हणून उलटं सोडवायला घेतलं. तीन ओळींत क्ष बरोबर तीन आला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तीन. मग वहीतली उदाहरणं त्यांना आठवायला लागली. याच जातीची आणखी चार होती. चारही ठिकाणी त्यांनी नऊ वर्षं 'सगळ्या वास्तव संख्या' असं लिहून दिलं होतं.

"मजुरांचं काय झालं?" बायकोने लांबून विचारलं.

"नाही मिळाले," ते म्हणाले आणि पाकीट चुरगळून खिशात घातलं.

सकाळी घंटा व्हायच्या आधीच पोरीची आई आली. कामावर जाता जाता आली होती. कमरेला विळा खोचलेला, पायांना वाळलेला चिखल. शिक्षकांच्या खोलीच्या दारात तिने चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पोरगी तिच्या मागे. रात्रीतून बाही शिवून घेतली होती. दोरा निळा मिळाला नसावा, काळ्यानेच शिवली होती.

"सर, काय केलं हिने?"

मास्तरांनी पोरीकडे पाहायचं टाळलं. आत दोन शिक्षक चहा पीत बसले होते. "उलट बोलते. सांगितलेलं मानत नाही."

"काय बोलली?"

"गणितातलं आहे. ते तुम्हाला नाही कळायचं."

आईने मान हलवली, मागे वळली आणि पोरीच्या कानशिलात ठेवून दिली. आवाज खोलीभर झाला. चहाची बशी कुणीतरी हळूच खाली ठेवली.

"असू द्या, असू द्या," मास्तर म्हणाले. पंगतीत कुणी जास्त वाढत असावं, तसं.

"नाही, सर. शिकवणाऱ्याला उलट बोलायचं म्हणजे काय? तुम्ही हात तोडलात हिचा तरी मी विचारायला यायची नाही." पोरगी रडली नाही. गाल लाल होत गेला, तशी ती भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिली. त्या दिवशी ती वर्गात शेवटच्या बाकावर बसली आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोने कुठूनतरी नऊ बायका मिळवल्या. मास्तरांनी शाळेला रजा टाकली. उन्हं वर यायच्या आत बायका रानात उतरल्या, सरींवर ओळीने वाकल्या, आणि मास्तर पाण्याची घागर घेऊन बांधावर आले तेव्हा त्यांना शेवटच्या सरीवर पोरगी दिसली. शेजारच्या सरीवर तिची आई.

घागर तिथेच ठेवून ते उलटे फिरले.

पण रान आपलंच. फिरून जाणार कुठे? कांदा उपटायचा, माती झटकायची, पातीने पात झाकत ओळीत निजवायचा. मग मागून येणारीने विळ्याने पात कापायची, बोटभर मान ठेवून. मान जवळून कापली की कांदा साठवणीच्या चाळीत सडतो. हे सगळ्यांना सांगावं लागतं. पोरीला सांगावं लागलं नाही. तिचा विळा प्रत्येक वेळी बोटभर अंतरावरच पडायचा. दुपारपर्यंत तिच्या तळव्याला चिरा पडल्या आणि कांद्याच्या रसाने त्या जळत असणार. ती मध्येच हात मातीत दाबायची आणि पुन्हा कापायला लागायची.

"हात बघा पोरीचा," बायको म्हणाली. "तुमच्याच शाळेतली ना?"

"हो."

"मग शाळेच्या वेळेला इथे कशी?"

आईने वाकल्या वाकल्याच उत्तर दिलं, "मीच काढली, वहिनी. सरांना उलट बोलली. चार बुकं शिकून जर तोंड सुटत असेल, तर विळाच बरा."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं. "काय बोलली?"

"आहे काहीतरी गणितातलं," मास्तर म्हणाले आणि कांद्याची रिकामी पाटी उचलून चालायला लागले.

चाळीच्या तोंडाशी मास्तरांचे वडील बसायचे. तात्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कांदा हातात घेतला की ते सांगत : हा जोड, हा दबलेला, हा बरा. दोन फाकांचा जोड कांदा टिकत नाही, म्हणून तो दारातच बाजूला पडायचा. दुपारच्या विसाव्याला पोरगी पाटी रिती करायला आली, तेव्हा रानातलं बोलणं कानावर आलेल्या तात्यांनी तिला थांबवून घेतलं.

"तूच का ती? काय बोललीस गं माझ्या पोराला?"

"सहा येत नाही म्हणाले."

"बरं. मग येतो का?"

"नाही येत."

"आणि मास्तर काय म्हणतो?"

"येतो म्हणतात."

तात्या दात नसलेल्या तोंडाने खदखदून हसले आणि डबा खात बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "अरे मास्तरा! सहा येतो का नाही येत, काय ते एकदा सांगून टाक!"

बायकाही हसल्या. मास्तर झाडाखाली डब्याचं झाकण हातात धरून बसले होते. सांगायचं तर हीच वेळ होती. हसण्यावारी गेलं असतं, वेदना न होता दात पडावा तसं निघून गेलं असतं.

"तात्या, तुम्हाला काय करायचंय त्यात?" ते म्हणाले.

पोरीने पाटी उचलली आणि रानात गेली.

मास्तरांना झोप लागेना, जेवण जाईना. बायकोला वाटलं आभाळाची काळजी. पाचव्या दिवशी त्यांनी एक तोड काढली. आपल्याला फार बोलायला लागू नये आणि पोरगीही शाळेत परत यावी, अशी. संध्याकाळी बायका हातपाय धूत होत्या, तेव्हा ते तिच्या आईपाशी गेले.

"पाठवा तिला उद्यापासून. झालं गेलं. मी माफ केलं."

आईने ओले हात तसेच जोडले. "सर, मोठं मन तुमचं."

पोरगी विळ्याला चिकटलेली माती काडीने काढत होती. तिचा हात थांबला. गेल्या पाच दिवसांत तिने पहिल्यांदा वर पाहिलं, सरळ मास्तरांच्या डोळ्यांत. त्या नजरेत राग असता तर मास्तरांनी सोसला असता. ती फक्त बघत होती, हा माणूस किती खाली जातो ते. मग तिने मान खाली घातली आणि विळा पुसून आईकडे दिला.

"मी नाही जाणार शाळेत," ती आईला म्हणाली.

"बघा!" आई कळवळून म्हणाली. "बघा हिची मिजास!"

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेले. तास सुरू होताच त्यांनी बोलता बोलता ते जुनं उदाहरण फळ्यावर लिहिलं आणि व्याप्तीपुढे लिहिलं : सहा वगळून सर्व वास्तव संख्या. "मागच्या वेळी घाईत राहून गेलं होतं," ते म्हणाले. "दुरुस्त करून घ्या."

पेनं खाली वळली. खिडकीशेजारची एक मुलगी मात्र लिहिता लिहिता थांबली. "म्हणजे सर, ती बरोबर होती?"

कुणीतरी खोकलं. मास्तरांनी वहीचं पान उलटलं. "पुढचं उदाहरण घ्या," ते म्हणाले. त्यांचे कान इतके तापले होते की त्यांना वाटलं, पहिल्या बाकावर धग लागत असेल.

आठव्या दिवशी मात्र ढग गेले नाहीत. तिसऱ्या प्रहरी वारा पडला, माश्या अंगाला चिकटायला लागल्या आणि टेकडीवरचा उजेड एकदम पिवळट झाला. रानात अजून तीन ढीग उघडे होते. मास्तर शाळेतून धावतच आले. कुणी कुणाला सांगितलं नाही. बायकांनी विळे टाकले आणि पाट्या उचलल्या. रान ते चाळ, चाळ ते रान. मास्तरांच्या खांद्याला पाटीची कड घासून सालटं निघालं. बायको दोन्ही हातांनी कांदे पोत्यात ओढत होती. तात्या दारात बसून ओरडत होते, "जोड आत टाकू नका! घाई झाली म्हणून जोड आत टाकू नका!" पोरगी आईच्या डोक्यावर पाटी चढवायची, मग स्वतःची गुडघ्यावर घेऊन एका हिसड्यात उचलायची. पहिले टपोरे थेंब मातीत पडले, तेव्हा शेवटची पाटी आत आली.

सगळे चाळीच्या छपराखाली दाटीवाटीने उभे राहिले. धापा टाकत, घामाने आणि पावसाने निथळत. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला. बायको मटकन पोत्यावर बसली आणि हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या. माल वाचला होता.

पोरीची आई पदराने तोंड पुसत शेजारणीला म्हणाली, "अशा माणसाचा माल वाचायलाच पाहिजे. सरांसारखा माणूस नाही. माझ्या पोरीने एवढं केलं, तरी म्हणाले, पाठवा, मी माफ केलं."

मास्तर सोललेला खांदा चाचपत होते. त्यांचा हात खाली आला.

"मी माफ केलं नाही," ते म्हणाले. पावसात ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "म्हणजे... माफ करण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. ती बरोबर होती. मी चुकलो होतो."

हसणं थांबलं. आई त्यांच्याकडे बघत राहिली. "कशात चुकलात?"

"गणितात."

"मला कळायचं नाही म्हणाला होतात. तरी सांगा."

मास्तरांनी पोरीकडे पाहिलं. तिने सांगितलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं. ती खांबाला टेकून पाऊस बघत होती.

"समजा," मास्तर म्हणाले आणि अडखळले. "समजा, या चाळीच्या दारातून जो कांदा आत येतो तोच आत सापडणार. जोड कांदा तात्या दारातच बाजूला काढतात. मग आत ढिगात जोड सापडेल का?"

"कसा सापडेल? आत गेलाच नाही तर."

"मी म्हणालो, सापडेल. ती म्हणाली, नाही सापडणार."

आई वाट बघत राहिली. पुढे काही येईना तेव्हा म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मला कळलं असतं, सर."

पत्र्यावरचा आवाज वाढला, मग जरा उतरला. आई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. कांद्याच्या रसाने तो काळा पडला होता. "मग मी हिला मारलं ते कशासाठी?"

तात्यांच्या हातात एक कांदा होता तो त्यांनी खाली ठेवला.

"तुम्हाला कधी कळलं?" आईने विचारलं.

काल कळलं, असं म्हणता आलं असतं. मास्तरांच्या जिभेवर ते आलंही. बायको पोत्यावरून उठून उभी राहिली होती.

"त्याच दिवशी."

"म्हणजे मी शाळेत आले, त्याच्या आधी?"

"हो. आधी."

आईने मान हलवली. शाळेच्या उंबऱ्याबाहेर हलवली होती तशीच, समजलं म्हणून. विळा शोधून कमरेला खोचला. "चल गं," ती पोरीला म्हणाली.

"अहो, पावसात कुठे जाता? थांबा थोडं," बायको पुढे झाली.

"विरघळायला आम्ही काय मिठाच्या आहोत, वहिनी?"

दोघी बाहेर पडल्या. चिखलात पाय रुतत होते. दहा पावलांवर आईने पोरीच्या गालाकडे हात नेला. तिथवर पोचायच्या आतच तिने तो मागे घेतला आणि ओल्या पदरात गुंडाळला. पोरीने ते पाहिलं की नाही कळलं नाही. पण ती एकटी वळून परत चाळीच्या तोंडाशी आली.

"वर्गात सांगाल?"

"सांगतो. उद्याच सांगतो. तू ये, तुझ्यासमोर..."

"मी असताना नको."

"का?"

"सगळे पुन्हा माझ्याकडेच बघतील," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं आणि भिंतीला टेकून बसली. मास्तर भाताची शितं बोटाने इकडून तिकडे करत होते.

"तिने पोरीला मारलं, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"उभा होतो."

"नुसते?"

"नुसता."

बायकोने पाण्याचा तांब्या त्यांच्या बाजूला सरकवला आणि उठून गेली.

सकाळी मास्तर वर्गात उभे राहिले. वही त्यांनी आणली नव्हती. शेवटचा बाक रिकामा होता. ते म्हणाले, "त्या दिवशी तिने सांगितलं ते बरोबर होतं. सहा येत नाही. मला चुकीचं येत होतं, नऊ वर्षं मी चुकीचंच शिकवलं. नंतर म्हणालो घाईत राहून गेलं. तेही खोटं होतं."

हे बोलणं त्यांना वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. गणित होतं ते. चूक माणसाची होते. पण दुसरं काही अजून बाकी होतं. ते बोलायला त्यांना टेबलाची कड धरावी लागली.

"आणि तिच्या बाहीबद्दल मी बोललो. तिचं बरोबर आहे हे मला दिसलं होतं, म्हणून बोललो. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे. ते मी बोलायला नको होतं."

जे सर्वांत जोरात हसले होते ते बाकावरच्या रेघोट्या न्याहाळत होते. थोड्या वेळाने पुढच्या बाकावरच्या पोराने हात वर केला.

"सर, परीक्षेत आलं तर सहा वगळून असंच लिहायचं ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "तसंच लिहायचं."

आई पुन्हा त्यांच्या रानात आली नाही. चाळीतली उरलेली निवडानिवड बायकोने आणि मास्तरांनी मिळून केली. पुढेही कधी रस्त्यात समोर आली तर आई बांधाच्या कडेने खाली उतरायची आणि मास्तर जाईपर्यंत पाठमोरी उभी राहायची.

पोरगी मात्र मास्तर वर्गात बोलल्यानंतर चौथ्या दिवशी शाळेत आली. कुणाशी न बोलता शेवटच्या बाकावर बसली. मास्तरांनी हजेरी घेतली, तिने "हजर" म्हटलं, बाकी काही नाही. वर्गात तिला कुणी वकिलीण म्हटलं नाही. तशी वेळच ती येऊ देत नव्हती. आठवडा गेला, दोन गेले. तिचा हात एकदाही वर आला नाही.

मास्तर आता प्रत्येक उदाहरण घरून दोनदा सोडवून आणायचे. तरी एके दिवशी व्हायचं ते झालं. फळ्यावर होतं : नऊ वजा क्ष वर्ग, त्याचं वर्गमूळ. प्रांत त्यांनी नीट काढला. आतली संख्या ऋण होता कामा नये, म्हणून क्ष उणे तीनपासून तीनपर्यंत. व्याप्तीही बोलण्याच्या ओघात तशीच लिहून टाकली, उणे तीनपासून तीनपर्यंत. वर्गाने उतरवलं. मास्तर बाकांमधून वह्या बघत चालले.

शेवटच्या बाकापाशी ते आले, तेव्हा त्यांना तिच्या वहीत दिसलं : शून्यापासून तीनपर्यंत. त्यांनी नीट पाहायच्या आतच तिचा तळहात सरकत आला आणि उत्तरावर पालथा पडला. चोरी लपवावी तसा.

मास्तर फळ्याकडे वळून बघायला लागले. वर्गमूळ. वर्गमूळ ऋण कसं येईल? उणे तीन सोडाच, उणे एकसुद्धा येत नाही. तिला हे लिहिता लिहिताच दिसलं होतं आणि ती बोलली नव्हती. तिने हात वर करावा म्हणून ते थोडा वेळ तिथेच थांबले. ती वहीकडेच बघत राहिली.

ते फळ्यापाशी गेले आणि व्याप्तीतलं उणे तीन हाताने पुसून शून्य लिहिलं. "पुन्हा चुकलं माझं," ते म्हणाले. "वर्गमूळ शून्याच्या खाली जात नाही. खोडा आणि नीट लिहा."

तीस पेनं एकदम खरखरायला लागली. सगळा वर्ग मान खाली घालून खाडाखोड करत होता. एकटीला तेवढं खोडायला काही नव्हतं. तरी तिनेही मान खाली घातली होती आणि टोपण न काढलेलं पेन कागदावर इकडून तिकडे फिरवत ती खोडल्यासारखं करत होती.

मास्तरांनी फळ्याकडे तोंड केलं आणि पुढचं उदाहरण लिहायला खडू टेकवला. बराच वेळ त्यांना पहिली संख्याच लिहिता आली नाही.